रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याचे डोंगर बघता बघता पिवळे पडतात. फाल्गुनात सागाची पाने गळाली की दऱ्यांचे काळे कडे उघडे पडतात आणि आटत चाललेल्या ओढ्यांच्या डबक्यांवर पाखरांची गर्दी होते. सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याकडची माणसे गळ्यात दुर्बिणी अडकवून इकडे येतात. आम्हीही त्यांतलेच.

या मुलखाला इतिहास नाही असे नाही. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने येथील महादेव कोळी राजा निमशहा याला मान्यता दिली, असे संस्थानचा इतिहास सांगतो. पुढच्या मुकणे राजांच्या विक्रमशहा, पतंगशहा या नावांतही तो 'शहा' टिकून राहिला. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले, ही आठवण तर येथे सगळेच सांगतात. राजांच्या नोंदी अशा झाल्या. रानातल्या एका पाखराची नोंद व्हायला मात्र २०१४ साल उजाडावे लागले.

हे पाखरू म्हणजे रानपिंगळा. ठेंगणे, मोठ्या डोक्याचे घुबड. पण दिवसाढवळ्या पानगळीच्या झाडाच्या शेंड्यावर बसणारे. आजच्या छत्तीसगडातील फुलझरकडे ब्लेविट यांना १८७२ मध्ये तो मिळाला आणि पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या बाजूला, काही नमुने मिळवले. १८८४ नंतर सगळे शांत.

शांत म्हणावे तर एक नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला रानपिंगळा मिळाल्याचे म्हटले होते. नमुना होता, चिठ्ठी होती, तारीख होती. मग शंका कोण घेणार? त्या पत्त्यावर शोध होत राहिले, हाती काही लागले नाही. खुद्द सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांनाही तो सापडला नाही. पक्षी नामशेष झाला, असेच बहुतेकांनी धरले.

माइनर्ट्झहागन आणि सलीम अली यांची ओळख जुनी. १९३७ मध्ये दोघे अफगाणिस्तानात एकाच मोहिमेवर होते. त्या दिवसांत कर्नलने दैनंदिनीत आपल्याविषयी लिहिलेला अवमानकारक मजकूर सलीम अलींनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच छापला. पण कर्नलची लबाडी त्याहून मोठी होती. पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह नमुन्यांची तपासणी केली तेव्हा उघड झाले की, मांडवीचा तो पक्षी डेव्हिडसनचाच. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला! रासमुसेन यांनी मग मांडवीचा पत्ता बाजूला ठेवून डेव्हिडसनच्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या हाती धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे झाली होती. तोवर सलीम अली जाऊन दहा वर्षे लोटली होती.

त्यानंतर सातपुडा, मेळघाट अशा नोंदी होत गेल्या. सह्याद्रीकडे हा पक्षी असेल असे कोणाच्या मनात नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात आढळला. पालघर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने होत होते. तानसाचे हे रान टिकले ते मुख्यतः मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी. त्याच मुंबईसाठी मोखाड्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभे राहिले, आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात.

पाड्यावरच्या पोरांच्या गळ्यात दुर्बीण नसते, गलोल असते. ती दिसली की आम्हा पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी त्या पोरांवर डोळे वटारतोच. अशा वेळी आम्हाला सलीम अलींचे बालपण आठवते. मुंबईच्या खेतवाडीतला हा पोरका मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा आणि त्या घरात शिजायच्या. एकदा पिवळ्या कंठाची चिमणी पडली. ही खाणे हलाल की नाही, असा प्रश्न त्याला पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथले सचिव मिलर्ड यांनी चिमणी ओळखली, मुलाला रागे भरले नाहीत. पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे एकेक करून उघडून दाखवली आणि वाचायला पुस्तके दिली.