पैसा कमावला म्हणजे विकला गेला का? नाझच्या दुसऱ्या अल्बमवरचा वाद

२ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी दोन रॅप अल्बम बाजारात आले. एक नाझ या बावीस वर्षांच्या रॅपरचा 'इट वॉज रिटन' आणि दुसरा डे ला सोल या गटाचा 'स्टेक्स इज हाय'. पहिला बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि सलग चार आठवडे तिथेच राहिला. दुसरा तेवढा खपला नाही. पण बंदुका, ब्रँड आणि माफियागिरी यांचं जे कौतुक रॅपमध्ये तेव्हा सुरू होतं, त्यावर त्याने सडकून टीका केली. डे ला सोलने काही नाझला उत्तर म्हणून हा अल्बम काढलेला नव्हता. तरीही त्या एका दिवसात रॅप ऐकणाऱ्या समाजातली फूट समोरासमोर उभी राहिली.

नाझवरचा आरोप सरळ होता: पोरगा विकला गेला. बचाव करणारे म्हणत होते, गरिबीतून वर आलेल्याने चार पैसे कमावले तर तुमच्या पोटात का दुखतं? हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. माझं म्हणणं असं आहे की यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. त्यातला एक प्रश्न अन्याय्य होता आणि दुसरा अत्यंत न्याय्य. ते वेगळे केल्याशिवाय या वादाचा इतिहास समजत नाही.

आधी नाझ कोण होता ते पाहू. नासिर जोन्सचा जन्म सप्टेंबर १९७३ चा. तो वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीत. १९३९ साली उभ्या राहिलेल्या या वसाहतीत ९६ इमारती आणि तीन हजारांहून जास्त घरं आहेत. वडील ओलू दारा जॅझ वादक, आई टपाल खात्यात नोकरीला. आठवीत शाळा सुटली. १९९२ मध्ये जवळच्या मित्राचा गोळी लागून मृत्यू झाला. बाहेर क्रॅकचा धंदा आणि पोलिसांचा पहारा होता. न्यूयॉर्क राज्याचे अमली पदार्थांविरुद्धचे कुप्रसिद्ध कठोर कायदेही नाझच्याच जन्मसालचे, १९७३ चे. त्या कायद्यांनी काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांमधली तरुण पिढी तुरुंगात भरली.

या सगळ्यातून एप्रिल १९९४ मध्ये 'इलमॅटिक' आला. दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप यांच्यासारख्या नावाजलेल्या लोकांचं संगीत. एका गाण्याच्या शेवटी वडिलांनी कॉर्नेट वाजवला आहे. एक गाणं तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे: वस्तीत काय चाललंय, कोण कुठे आहे, हे आत असलेल्याला कळवणारं. खिडकीत बसून वस्ती पाहणाऱ्या पोराची ती साक्ष होती. 'द सोर्स' या हिपहॉपमधल्या मातब्बर मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले.

पण साक्षीला बाजारात भाव मिळाला नाही. बिलबोर्डवर अल्बम बाराव्या क्रमांकापर्यंतच गेला. पाच लाख प्रतींचा गोल्ड दर्जा मिळायला १९९६ उजाडलं. दरम्यान सप्टेंबर १९९४ मध्ये नोटोरियस बी.आय.जी.चा 'रेडी टू डाय' आला. रेडिओवर वाजतील अशी गुळगुळीत गाणी आणि रस्त्यावरचं कडवट वास्तव या दोन्हींची सांगड त्याने घातली आणि तो तुफान खपला. ऑगस्ट १९९५ मध्ये 'द सोर्स'च्याच पुरस्कार सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'रेडी टू डाय' निवडला गेला. पाच माइक देणाऱ्या घरातूनच नाझ रिकाम्या हाताने परतला.

यानंतर नाझने वाट बदलली. स्टीव्ह स्टाउट हा नवा व्यवस्थापक आला. संगीताची मुख्य जबाबदारी एलएल कूल जे याला रेडिओवर गाजवणाऱ्या ट्रॅकमास्टर्स या जोडीकडे गेली. पहिलं सिंगल लॉरिन हिलसोबतचं आणि कर्टिस ब्लोच्या १९८५ च्या गाण्यावर बेतलेलं. दुसऱ्याच्या मुळाशी युरिदमिक्सचं जगप्रसिद्ध पॉप गाणं. त्याचा व्हिडिओ म्हणजे 'कॅसिनो' चित्रपटाची नक्कल. खिडकीतला पोरगा आता स्वतःला एस्कोबार म्हणवत होता. अल्बम २० लाखांच्या वर खपला आणि जुने श्रोते दुखावले.

आता पहिला प्रश्न घेऊ: पैशासाठी का केलंस?

हिपहॉप कधीतरी पैशापासून दूर, शुद्ध होतं आणि मग बाजाराने ते नासवलं, असं हा प्रश्न विचारणारे धरून चालतात. इतिहास तसा नाही. हिपहॉपचा जन्मदिवस मानला जातो ११ ऑगस्ट १९७३. ब्राँक्समध्ये १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत त्या दिवशी पार्टी झाली. डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या. ती पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश फी होती. ज्या पार्टीला या कलेचा उगम म्हणतात, ती एका मुलीच्या शाळेच्या कपड्यांसाठी केलेली कमाई होती. यात लाजण्यासारखं काय आहे?

पहिलं गाजलेलं रॅप गाणं 'रॅपर्स डिलाइट' १९७९ चं. सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगरहिल रेकॉर्ड्सने ते काढलं. त्यातल्या बऱ्याच ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या होत्या. त्याला ना श्रेय मिळालं ना मोबदला. म्हणजे बाजार पहिल्या दिवसापासून होता. फायदा कोण घेऊन जातो, हा प्रश्नही पहिल्या दिवसापासून होता.

'इलमॅटिक' तरी कोणी काढला होता? कोलंबिया रेकॉर्ड्सने, म्हणजे सोनी या महाकाय कंपनीच्या मालकीच्या लेबलने. 'इट वॉज रिटन'ही त्याच कोलंबियाचा. मालक तोच, करार त्याच घराशी. पहिल्या वेळी कंपनीने विकलेला माल 'अस्सल' आणि दुसऱ्या वेळी विकलेला 'बाजारू', हा भेद केवळ पैशाच्या मुद्द्यावर टिकत नाही. पहिला कमी खपला म्हणून तो पवित्र ठरत नाही.

क्वीन्सब्रिजच्या इतिहासात एक नियम होऊन गेला आहे. १९५० च्या दशकात वर्षाला ३,००० डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्या कुटुंबांना या वसाहतीतून मध्यम उत्पन्नाच्या वसाहतींमध्ये हलवण्यात आलं. ती कुटुंबं बहुतेक गोरी होती. त्यांच्या जागी मुख्यतः काळी आणि लॅटिनो कुटुंबं आली. गोऱ्यांची कमाई वाढली तर त्यांच्यासाठी वरची पायरी तयार होती. नाझची कमाई वाढली तेव्हा मात्र श्रोते म्हणाले, आता तू आमचा नाहीस. गरिबी हाच अस्सलपणाचा दाखला असेल, तर तो दाखला टिकवण्यासाठी माणसाने जन्मभर वस्तीत सडायचं का? आणि ही मागणी करणाऱ्यांत असेही होते ज्यांनी क्वीन्सब्रिज फक्त हेडफोनमधून पाहिलं होतं. १९९१ मध्ये दुकानांतल्या विक्रीची संगणकावर मोजदाद सुरू झाली, तेव्हा रॅप किती मोठ्या प्रमाणावर खपतो आणि तो वस्त्यांच्या किती पलीकडे पोचला आहे, ते उघड झालं होतं. दुसऱ्याचं दुःख ऐकायला आवडतं म्हणून त्याने ते सोडू नये, ही अपेक्षा निव्वळ क्रूर आहे.

इथवर मी नाझच्या बाजूने आहे. पण आता दुसरा प्रश्न: या पैशासोबत तू काय सोडून दिलंस?

हा प्रश्न आतल्या माणसांचा होता आणि तो टाळता येत नाही. या अल्बममध्ये एक गाणं आहे, त्याचं नाव 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'. आरक्षणासारख्या धोरणांना अमेरिकेत हेच नाव आहे. १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीच्या रेट्यातून काळ्या समाजाला शिक्षणात आणि नोकरीत जी थोडी जागा मिळाली, तिचं हे नाव. त्या नावाखाली गाण्यात काय आहे? माफिया टोळीच्या ऐश्वर्याचं आणि ड्रग्जच्या हिशोबाचं स्वप्नरंजन. वर्ष कोणतं? १९९६. त्याच नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर करून सरकारी विद्यापीठांत, नोकऱ्यांत आणि कंत्राटांत अफर्मेटिव्ह ॲक्शनवर बंदी घातली. खरा हक्क कापला जात असताना बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या अल्बमवर त्या हक्काचं नाव उरलं होतं ते टोळीच्या गाण्याला शीर्षक म्हणून. आरक्षणाची लढाई ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यातली बोच वेगळी सांगायला नको.

टीकाकारांचं खरं दुखणं हे होतं. नाझ श्रीमंत झाला याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. तुरुंगातल्या मित्राला पत्र लिहिणारा माणूस आता त्याला तुरुंगात घालणाऱ्या धंद्याचा मालक असल्याचं नाटक करू लागला, याचं वाईट वाटलं होतं.

पण न्याय करायचा तर पूर्ण करावा लागतो. हाच अल्बम आणखी काय देतो? 'आय गेव्ह यू पॉवर' या गाण्यात नाझ बंदूक होऊन बोलतो. हातोहात विकली जाणारी, खून करायला लावली जाणारी आणि त्याला कंटाळलेली बंदूक. ते 'इलमॅटिक'च्या कोणत्याही गाण्याइतकं धारदार आहे. आणि सगळ्यात 'विकाऊ' ठरवलं गेलेलं लॉरिन हिलसोबतचं सिंगल? त्यात ॲटिकाचं नाव येतं. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या या तुरुंगात कैद्यांनी माणसासारखी वागणूक मागत उठाव केला. राज्य सरकारने तो गोळ्यांनी मोडला. ४३ माणसं मेली. पंचवीस वर्षांनी ते नाव रेडिओवर पोचलं ते गोड धून आणि मोठ्या कंपनीच्या जाहिरातीवर स्वार होऊन. 'इलमॅटिक'ला तेवढे कान मिळाले नव्हते. बाजाराने नाझकडून बरंच काढून घेतलं, पण सगळं काढून घेता आलं नाही.

आणि दोष एकट्या कलावंताच्या माथी मारणं सोयीचं असतं, कारण त्यामुळे व्यवस्था नामानिराळी राहते. फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा झाला. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावर तोवर ४० ची मर्यादा होती, ती उठली. पुढच्या काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे हजारावर केंद्रं जमा झाली. काय वाजणार हे ठरवणारे हात कमी कमी होत गेले. डे ला सोल आणि नाझ यांच्यातला सामना बरोबरीचा कधीच नव्हता. गाणं निवडण्याआधी दार कोणाच्या हातात आहे ते ठरलेलं होतं. 'तू का विकला गेलास' हे श्रोत्यांनी नाझला विचारलं. 'खरेदीदार एवढे थोडे का उरले' हे विचारणारे मात्र फार कमी होते.

पुढचा इतिहास ठाऊक आहे. २००१ मध्ये जे-झीने एका गाण्यात नाझच्या पहिल्या अल्बमनंतरच्या वाटचालीची जाहीर खिल्ली उडवली. नाझने त्याच डिसेंबरमध्ये 'स्टिलमॅटिक' काढून उत्तर दिलं. नावातच पहिल्या अल्बमची आठवण होती. 'इट वॉज रिटन' मात्र काळाबरोबर वर आला. आज अनेक श्रोते त्याला 'इलमॅटिक'च्या शेजारी बसवतात. २०२१ मध्ये 'इलमॅटिक' अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात दाखल झाला. ज्या पोराची वस्ती सरकारने तुरुंगात भरली, त्याच्या त्याच साक्षीचा सरकारने सत्तावीस वर्षांनी सन्मान केला. व्यवस्थेला जुनी झालेली साक्ष फार आवडते. तिला घाबरायचं कारण उरलेलं नसतं.

आपल्याकडे हा वाद परका नाही. दलित पँथरने १९७२ मध्ये नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, त्यामुळे तिथल्या काळ्या समाजातली भांडणं आपल्याला लवकर कळतात. भीमगीत गाणाऱ्याने ठरलेलं मानधन मागितलं की 'बाबासाहेबांच्या नावावर धंदा करतो' असं म्हणणारे आपल्यात आहेत. तेच लोक मंडप, साउंड आणि डीजेवाल्याचं बिल मुकाट्याने चुकतं करतात. गाणाऱ्याचं पोट मात्र त्यांना चळवळीच्या आड येतं.

म्हणून कसोटी नीट ठरवू या. आपल्या कलावंताने किती कमावलं, हे त्याला विचारू नका. तो त्याच्या घामाचा हिशोब आहे आणि त्याचा त्यालाच हक्क. त्याने कुणाबद्दल बोलणं थांबवलं, आपल्या लढाईचं कोणतं नाव उचलून कशावर चिकटवलं, हे जरूर विचारा आणि तोंडावर विचारा. त्याच वेळी दार अडवून बसलेल्या मालकालाही विचारा. नाझच्या श्रोत्यांनी पहिला प्रश्न मोठ्या आवाजात विचारला, दुसरा हळू आवाजात आणि तिसरा जवळजवळ विचारलाच नाही. त्या क्रमाचा फायदा कुणाला झाला, ते क्लिअर चॅनलच्या केंद्रांची संख्या सांगते.