गोडे पाणी आणि कोंडलेली हवा : मोटारबोटीच्या कुजक्या तळफळीचा इतिहास

अमेरिकेत एखाद्या तळ्याकाठच्या अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेली, १९७० च्या दशकातील फायबरग्लासची मोटारबोट. बाहेरचे कवच अजून चकचकीत, इंजिन थोड्या खटपटीने सुरू होईल असे, आणि किंमत संशय यावा इतकी कमी. विकत घेणारा आत पाऊल टाकतो आणि टाच किंचित खाली दबते. पायाखालचा गालिचा उचलून पाहावे, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झालेले प्लायवूड.

जुन्या मोटारबोटींच्या व्यवहारात हे दृश्य इतके नित्याचे आहे की जाणता गिऱ्हाईक इंजिनाआधी तळफळी तपासतो. तळफळी म्हणजे बोटीत ज्यावर आपण उभे राहतो ती सपाट फळी. तिच्याखाली कवचाचा खरा तळ असतो आणि या दोहोंच्या मधे एक काळोखी पोकळी.

या कुजण्याचे खापर मालकाच्या हेळसांडीवर फोडणे सोपे आहे. पण त्यामागे एक कायदा आहे, एक रसायन आहे, आणि लढाऊ जहाजे बांधणाऱ्यांनी तीन शतकांपूर्वीच करून ठेवलेली एक चूक आहे.

सॅम्युएल पीप्स हा रोजनिशीकार म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचा पेशा इंग्लंडच्या नौदलाचा कारभार पाहण्याचा होता. १६७७ मध्ये संसदेने तीस नव्या युद्धनौकांसाठी पैसा मंजूर केला. काही वर्षांनी, १६८४ मध्ये पीप्स पुन्हा अधिकारावर आला, तेव्हा यांतील कित्येक नौका नांगरल्या जागीच सडत होत्या. आतल्या लाकडावर उगवलेली मुठीएवढी भूछत्रे आपण स्वतःच्या हाताने खुडली, असे त्याने १६९० मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात नोंदवले. त्याची तक्रार लाकडापेक्षा व्यवस्थेबद्दल होती. तळघरे कोणी साफ केली नव्हती, आत वारा खेळू दिला नव्हता.

युद्ध न पाहिलेल्या युद्धनौका धक्क्यालाच कुजाव्यात, याचे त्या काळी सर्वांनाच आश्चर्य वाटे. वास्तविक त्या कुजत होत्या त्या धक्क्याला होत्या म्हणूनच.

लाकूड कुजवणारी बुरशी एक सजीव आहे आणि तिच्या गरजा ठरलेल्या आहेत : लाकडात वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून बरीच अधिक ओल, थोडी हवा, मध्यम ऊब आणि स्थिरता. समुद्राचे खारे पाणी तिला मानवत नाही. तिला हवे असते गोडे पाणी, म्हणजे पाऊस, दव आणि बंद जागेत भिंतीवर जमणारा घाम. (खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. तो वेगळा शत्रू, त्याच्यासाठी तांब्याचे पत्रे होते.) म्हणूनच अमेरिकेतले जहाजबांधणारे दोन फासळ्यांमधल्या पोकळीत चक्क मीठ भरून ठेवत. वरून झिरपणारे पावसाचे पाणी त्या मिठातून खारे होऊनच खाली उतरे.

आणखी एक गोष्ट. पूर्ण बुडालेले लाकूडही सहसा या बुरशीला बळी पडत नाही, कारण तिथे हवा नसते. पूर्ण कोरडे लाकूड टिकते, पूर्ण बुडालेले टिकते. जे ना धड ओले ना धड कोरडे, ते जाते.

२९ ऑगस्ट १७८२ रोजी पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेड येथे ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची नौका नांगरावर उभी होती. पाण्याखालच्या भागातील एका नळाच्या दुरुस्तीसाठी तिला मुद्दाम एका अंगावर कलवले होते. ती कलली, पाणी आत शिरले आणि काही क्षणांत ती बुडाली. आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत ॲडमिरल केंपेनफेल्ट होते, आणि नाविकांना भेटायला आलेल्या बायका व मुलेही होती. लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले आणि दोष टाकला तो नौकेच्या कुजलेल्या लाकडांवर. पुढच्या अभ्यासकांना हा निर्णय फारसा पटलेला नाही. कललेल्या बाजूच्या उघड्या तोफद्वारांतून पाणी शिरले, असे बहुतेकांचे मत. कुजके लाकूड साक्ष देऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्यावर दोष ढकलणे सोयीचे होते, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण न्यायालयाला हे कारण पुढे करता आले आणि लोकांना ते खरे वाटले, यातच त्या नौदलाची अवस्था दिसते.

यानंतर १८१० हे वर्ष येते. त्या वर्षी लंडनजवळच्या डेप्टफर्ड गोदीत ‘क्वीन शार्लट’ ही शंभराहून अधिक तोफांची नौका पाण्यात उतरली. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली, चौऱ्याहत्तर तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या घाईत बांधलेल्या ‘क्वीन शार्लट’मध्ये नीट न मुरलेले लाकूड वापरले गेले होते. समुद्रावर जाण्यापूर्वीच तिच्यात बुरशीचे रान माजले आणि वरच्या भागाचे बरेचसे लाकूड पुन्हा घालावे लागले. कोणकोणत्या बुरश्या वाढल्या आहेत हे ओळखण्यासाठी जेम्स सोवर्बी या वनस्पती-चित्रकाराला पाचारण करण्यात आले. राष्ट्राच्या आघाडीच्या युद्धनौकेत भूछत्रांची सूची करायला चित्रकार उतरला, हा प्रसंग त्या काळच्या व्यंगचित्रकारांच्या हातून कसा निसटला कोण जाणे.

‘मिंडेन’ मलबारच्या सागाची होती. सागात मुळातच तेल आणि राळ असते. त्यामुळे पाणी सहज मुरत नाही आणि बुरशीचे फारसे चालत नाही. गंमत अशी की ऑगस्ट १८१६ मध्ये अल्जीअर्सवर झालेल्या तोफमाऱ्यात या दोन्ही नौका एकाच ताफ्यात होत्या. दुरुस्त झालेली ‘क्वीन शार्लट’ तर लॉर्ड एक्समथची ध्वजनौका होती. ‘मिंडेन’ पुढे हाँगकाँगला तरंगते रुग्णालय बनली आणि १८६१ मध्ये विकली जाईपर्यंत कामात राहिली. वाडियांनीच बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे, आणि तिच्या सांगाड्यात मुंबईच्या त्या मूळ सागाचा मोठा हिस्सा शाबूत आहे.

मात्र साग सर्वांना परवडत नाही, आणि त्याच्याने चुकीचा आराखडाही सावरत नाही. ब्रिटिश नौदलाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधकामाच्या गोद्यांवर छपरे घातली. उपाय साधा होता, पण अर्धी लढाई त्याने जिंकली, कारण पाऊसच थांबला. रसायनेही आली. १८३२ मध्ये जॉन कायन याने पाऱ्याच्या क्षारात लाकूड भिजवण्याचे पेटंट घेतले. १८३८ मध्ये जॉन बेथेल याने क्रिओसोट दाबाने लाकडात भरण्याची रीत आणली. तोवर बुरशी हा कुजण्याचा परिणाम समजला जाई. ती कारण आहे, हे १८७० च्या दशकात रॉबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

मोटारबोटीपर्यंत येण्यापूर्वी प्लायवूडची ओळख करून घ्यावी लागते. लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेली ही फळी पूर्वी पाण्यात उलगडून जाई. १९३४ मध्ये अमेरिकेत जेम्स नेव्हिन याने पूर्णपणे जलरोधक गोंद तयार केला आणि प्लायवूड नौकाबांधणीत हक्काने शिरले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी प्रामुख्याने प्लायवूडच्याच होत्या. पण ‘जलरोधक’ हे विशेषण गोंदाचे होते, लाकडाचे नव्हे. पापुद्रे सुटत नाहीत, पण आतून कुजतात. मरीन प्लायवूडलाही हेच लागू आहे. हा बारकावा कित्येक कारखान्यांनी सोयीस्करपणे दुर्लक्षिला.

१९४२ मध्ये ओहायोतील रे ग्रीन याने काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची होडी घडवली. युद्धानंतरच्या वीस वर्षांत फायबरग्लासने बाजार जिंकला. साच्यातून निघणारी, न गळणारी, न कुजणारी बोट, अशी तिची ख्याती झाली. कवचापुरती ती खरीही होती. पण पातळ कवच ताठ राहण्यासाठी आत लांबट तुळया लागतात आणि त्यांच्यावर तळफळी. हे दोन्ही बहुतेक ठिकाणी लाकडाचेच राहिले, वरून फायबरग्लासचा एक थर देऊन. डोळ्यांना लाकूड दिसेना, म्हणून ते नाहीच असे लोक मानू लागले.

१९५८ मध्ये बाजारात आलेल्या ‘बोस्टन व्हेलर’च्या दोन कवचांमधे फेस भरलेला होता. १९६१ मध्ये ती बोट करवतीने मधोमध कापून दाखवण्यात आली, आणि अर्धी बोटही माणसासह तरंगत राहिली. हे दृश्य ग्राहकांच्या मनात ठसले. १९७१ मध्ये अमेरिकेत नौका-सुरक्षा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी वीस फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींत पाणी भरल्यावरही बोट बुडू नये अशी व्यवस्था सक्तीची केली. १९७८ पासून बाह्य इंजिनाच्या बोटींसाठी निकष आणखी कडक झाला : पाण्याने भरलेली बोट आडवी न होता सपाट तरंगली पाहिजे, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येईल.

हेतूबद्दल शंका नको. थंड पाण्यात उलटलेल्या बोटीला धरून राहिलेला माणूस वाचतो, पोहत किनारा गाठायला निघालेला बहुधा वाचत नाही.

हा निकष पुरा करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे दोन द्रवांच्या मिश्रणातून फुगणारा पॉलियुरेथेन फेस. तळफळीला भोके पाडून तो आत ओतायचा, फुगू द्यायचा आणि भोके बुजवायची. कागदोपत्री हा फेस पाणी शोषत नाही. प्रत्यक्षात आदळआपटीने त्याच्या पेशी फुटतात, कवच आणि फेस यांच्या फटीत पाणी उतरते आणि बाहेर पडायला वाट नसते. खुर्च्यांचे स्क्रू थेट प्लायवूडमध्ये ठोकलेले असतात आणि फळीची खालची बाजू अनेकदा कोरीच ठेवलेली असते. वर गालिचा पावसाचे पाणी धरून बसतो. वीस-तीस वर्षांनी अशा बोटीच्या पोटातून ओल्या फेसाच्या रूपाने शेकडो किलो पाणी निघाल्याची उदाहरणे आहेत. तरंगत ठेवण्यासाठी भरलेली वस्तूच तिला खाली ओढत असते.

पीप्सला हे चित्र पाहताक्षणी ओळखता आले असते.

दुरुस्तीची सुरुवात म्हणून आधी उघडे करावे लागते. खुर्च्या आणि इंधनाची टाकी काढतात, तळफळीच्या कडेचा दोन-तीन इंचांचा काठ कवचाला चिकटलेला ठेवून मधला भाग गोल करवतीने कापतात. करवतीचे पाते फळीच्या जाडीइतकेच खाली सोडायचे, नाहीतर ते थेट कवचात उतरते. काचतंतूची धूळ फुप्फुसांना आणि कातडीला बाधते, म्हणून मुखवटा आणि अंगभर कपडे आवश्यक. मग फावड्याने फेस निघतो, आणि तुळयांवर हातोडीचे हलके ठोके देतात. टणक आवाज आला तर लाकूड जिवंत, बोदा आला तर कवचाखाली भुसा.

सर्वांत महाग पडणारी चूक याच टप्प्यावर होते. तुळया आणि तळफळी मिळून कवचाचा आकार धरून ठेवतात. त्या सगळ्या एकदम काढल्या आणि बोट ट्रेलरच्या दोन-चार रुळांवर तशीच सोडली, तर तळ हळूहळू वाकतो. वाकलेल्या तळावर नव्या तुळया बसवल्या की तो बाक कायमचा होतो आणि बोट पुढे कधीच सरळ धावत नाही. म्हणून खाली जागोजाग टेकू द्यायचे आणि एका वेळी एकच तुळई बदलायची.

काही जण फळीला भोके पाडून पातळ राळ आत सोडतात आणि काम झाले असे मानतात. राळ कुजलेल्या भागात शिरते, पण त्याच्या कडेच्या ओल्या, बुरशी पोचलेल्या लाकडात नीट शिरत नाही. कूज वर्ष-दोन वर्षे नजरेआड होते, एवढेच. निरोगी लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही थोडे पुढे, कापण्याला पर्याय नाही.

जुन्या फळीचे तुकडे जुळवून त्यांवरून नवी मरीन प्लायवूडची फळी आखतात. मग येते ते काम जे कारखान्याने टाळले होते : फळीच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना इपॉक्सी राळेचे हात. मिशिगनमधल्या गुजन बंधूंनी १९७० च्या दशकात ही पद्धत लाकडी नौकांसाठी रूढ केली आणि १९७९ च्या त्यांच्या पुस्तकाने ती घरोघरच्या कारागिरांपर्यंत नेली. स्क्रूसाठी आधी मोठे भोक पाडतात, ते घट्ट इपॉक्सीने भरतात आणि त्या भरावात पुन्हा बारीक भोक घेतात. स्क्रू मग लाकडाला शिवतच नाही. कडा कवचाला जाड राळेच्या गोलाईने आणि काचतंतूच्या पट्ट्यांनी जोडतात.

फेसाचा प्रश्न उरतो, आणि तो खरा अवघड आहे. बरेच हौशी कारागीर तो परत भरतच नाहीत. कूज टळते, पण बोट उलटली तर तिला धरून राहायला काही उरत नाही. भरायचाच तर कडेच्या उंच जागी सुटे ठोकळे बसवता येतात, म्हणजे मधला तळ मोकळा राहतो. मात्र किती फेस आणि कोठे, हे मूळ मोजमापापेक्षा कमी होऊन चालत नाही. कारखान्याला दोष देत फेस फेकून देणारा मालक तो नियम कोणासाठी झाला होता ते विसरलेला असतो.

फळी बंद करण्याआधी आडव्या आधारांच्या तळाशी पाणी वाहण्याची भोके ठेवायची, मागच्या बुचापर्यंत सलग. मग गालिच्याऐवजी खरखरीत रंग. आणि हिवाळ्यात बोट ठेवताना नाळ उंच, बूच काढलेले, ताडपत्री जुनीच, पण तिच्याखाली मधोमध एक आडवा बांबू आणि दोन्ही टोकांना वाऱ्यासाठी हातभर मोकळी जागा.