छत्रीच्या माथ्यावरचं भोक

टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून मोठमोठे फुगे आकाशात सोडते. काम संपलं की उपकरणं रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतात. कुठे उतरतील याचा नेम नसतो, म्हणून आधी जाहीर सूचना निघते. तिच्यात नांदेड-लातूरचीही नावं असतात. सापडलं तर छेडू नका, पोलिसांना कळवा. इस्लापूरच्या एखाद्या पऱ्हाटीत अशी छत्री पडलीच, तर पाहणारा आधी विचारील: हवा अडवायची, तर मधोमध भोक कशाला?

22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ फुग्यापासून सुटून सुमारे हजार मीटरवरून उतरला, तेव्हा छत्रीला भोक नव्हतं. टोपली झोपाळ्यासारखी हेलकावत आली. कारण सोपं आहे. छत्रीत कोंडलेली हवा कधी या काठाने निसटते, कधी त्या. जिथून निसटते तिथला दाब उतरतो आणि छत्री कलते. माथ्याला भोक पाडा, हा तोडगा लालांद या खगोलशास्त्रज्ञाने सुचवला असं सांगतात.

पण त्या भोकाला श्रेय जरा जास्तच मिळालंय. दहा मीटर व्यासाच्या छत्रीला ते फार तर मीटरभर, म्हणजे क्षेत्रफळाच्या शंभरात एक भाग. त्यामुळे हवेचा रोध फारसा घटत नाही, गुणांक 0.75 ते 0.80च्या घरात राहतो. आणि डुलणंही जात नाही! सपाट गोल छत्री भोक असूनही दोन्ही बाजूंना 10 ते 40 अंश झुलू शकते. भोकाचा खरा उपयोग छत्री उघडताना होतो: माथ्यावर आदळणाऱ्या हवेला वाट मिळते. शिवाय, छत्रीच्या 28 कळ्यांची, म्हणजे निमुळत्या कापडी पट्ट्यांची, टोकं एका बिंदूत आणून शिवून दाखवा, असं कुठल्याही शिंप्याला सांगून बघा. माथा मोकळा सोडून त्यावरून आरपार दोऱ्या नेणं त्याला कधीही पटेल.

डुलण्यावरचा खरा इलाज निघाला 1930च्या दशकात, जर्मनीत. गेऑर्ग माडेलुंग आणि थिओडोर क्नाके यांनी सलग कापडच काढून टाकलं. पट्ट्या, मध्ये फटी, पुन्हा पट्ट्या. डुलणं तीन अंशांच्या आत आलं. पण रोधाचा गुणांक 0.45 ते 0.50वर घसरला, तेवढाच रोध हवा असेल तर छत्रीचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त लागतं.

म्हणून सैनिकांना सलग कापडाचीच गोल छत्री राहिली. 11 डिसेंबर 1971 रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाईलला उतरलेली 2 पॅरा ही मूळची मराठा पलटण अशाच छत्र्यांनी उतरली. माणसाला थोडं डुलणं परवडतं, आपटणं परवडत नाही.

वेग जास्त असला की हिशेब उलटतो. 21 ऑक्टोबर 2023च्या गगनयान चाचणीत आधी पट्ट्यांच्या, 5.8 मीटरच्या दोन छत्र्यांनी कुपीला आवर घातला, मगच 25 मीटरच्या तीन मोठ्या छत्र्या उघडल्या.