भूत, मुखवटा आणि शनिवारची सकाळ

शनिवार म्हटला की आपल्याकडे सकाळची शाळा. घंटा, प्रार्थना, कवायत, चार तास कसेबसे, आणि मग पोरं उधळतात ती सोमवारपर्यंत. माझी सगळी नोकरी अशा शनिवारांत गेली. त्यामुळे अमेरिकेतली मुलं एके काळी शनिवारी सकाळी रात्रीच्याच कपड्यांत, दुधातल्या सीरिअलचा वाडगा मांडीवर घेऊन, तीन-चार तास टीव्हीपुढे बसायची हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क हेवा वाटला!

त्याच शनिवारांनी जगाला एक कुत्रा दिला आणि त्या कुत्र्यावर माझा फार जीव आहे. वय पंच्याहत्तर, शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए., आवडता नायक स्कूबी-डू. हसा खुशाल. घरचेही हसतात.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा आणि शॅगी ही चार तरुण मुलं आणि त्यांचा भलामोठा ग्रेट डेन कुत्रा स्कूबी एका फुलाफुलांच्या व्हॅनमधून हिंडत असतात. जातील तिथे भूत. कधी ओसाड वाड्यात, कधी बंद खाणीत, कधी समुद्रात. शॅगी आणि स्कूबी हे दोघे महाभित्रे आणि महाखादाड. वेल्माचा चष्मा नेमका मोक्याच्या क्षणी पडतो. पळापळ होते, सापळा लावतात, तो फसतो, आणि फसता फसता भूत सापडतं. मग मुखवटा ओढला जातो, आणि आत कोण? माणूस! बहुतेक वेळा ओळखीचाच. आणि तो चरफडत म्हणतो की ही आगाऊ पोरं मध्ये आली नसती तर माझं काम फत्ते झालं होतं.

बस्स. प्रत्येक भागात हेच. तरी मला कंटाळा येत नाही. का येत नाही याचा विचार करता करता मी या मालिकेच्या इतिहासात शिरले, आणि तिथे जे सापडलं ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' चा पहिला भाग सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ रोजी लागला. वार अर्थातच शनिवार. मी तेव्हा कॉलेजात होते आणि टीव्ही नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती (२ ऑक्टोबर १९७२).

आता १९६९ च्या आधीचं वर्ष आठवा. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा. व्हिएतनामचं युद्ध रोज संध्याकाळी बातम्यांतून घरात येत होतं. आणि शनिवारी सकाळी मुलं काय पाहत होती? 'स्पेस घोस्ट', 'हर्क्युलॉइड्स' यांसारखी हाणामारीची कार्टून्स. आईबाप अस्वस्थ झाले. बॉस्टनजवळच्या काही आयांनी १९६८ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' नावाची संघटना काढली. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवर टीका वाढत गेली आणि वाहिन्यांना नवं, निरुपद्रवी काहीतरी शोधणं भाग पडलं.

सीबीएसचे फ्रेड सिल्व्हरमन यांच्या मनात एक जुनी रेडिओ मालिका होती, 'आय लव्ह अ मिस्टरी'. तसं काहीतरी मुलांसाठी करावं, असं त्यांनी हॅना-बार्बेरा स्टुडिओला सांगितलं. जो रूबी आणि केन स्पिअर्स हे दोन लेखक कामाला लागले. पण पहिला आराखडा वरिष्ठांनी नाकारला. कारण काय, तर चित्रं फार भीतिदायक! मग एक साधा बदल झाला. मागे उभा असलेला कुत्रा पुढे आणला. विनोद वाढवला. नाव कुठून आलं, तर सिल्व्हरमन सांगत की विमानात फ्रँक सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' ऐकत होतो, त्याच्या शेवटी तो जे निरर्थक बोल गुणगुणतो त्यातून सुचलं.

म्हणजे बघा, घाबरलेल्या देशातल्या मुलांना भीतीच दाखवायची, पण अशी की शेवटी हसू यावं. आणि हसू आणायचं काम दिलं सर्वांत भित्र्या पात्राकडे!

आता या कुत्र्याचं रूप ज्यांनी घडवलं त्यांच्याबद्दल. त्यांचं नाव इवाओ ताकामोतो. जन्म १९२५, लॉस एंजेलिस. आईवडील जपानहून आलेले. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केल्यावर, १९४२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काही नाही, फक्त चेहरा शत्रूसारखा. ताकामोतो कुटुंबाची रवानगी कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात, मॅन्झनार छावणीत झाली. तिथेच इतर बंदिवान चित्रकारांकडून या पोरसवदा मुलाने चित्रकलेचे धडे घेतले. बाहेर आल्यावर डिस्नेत काम केलं आणि मग हॅना-बार्बेरात.

स्कूबीचं चित्र काढण्याआधी त्यांनी स्टुडिओतल्या एका बाईंशी गप्पा मारल्या. त्या ग्रेट डेन पाळत. उत्तम ग्रेट डेनची लक्षणं त्यांनी सांगितली: पाठ सरळ, पाय सरळ, हनुवटी घट्ट. ताकामोतोंनी सगळं उलटं केलं. पाठ उतरती, पाय फेंगडे, हनुवटी दुहेरी. झाला स्कूबी तयार!

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबले. ज्याला सतराव्या वर्षी सरकारनेच बागुलबुवा ठरवलं, त्याच्या हातून असा कुत्रा उतरला की ज्याच्या गोष्टीत दरवेळी बागुलबुवा खोटा निघतो. ताकामोतोंनी असा काही विचार केला होता, असं माझं म्हणणं नाही. ते आपलं काम करत होते. पण इतिहास शिकवलेल्या माणसाला असे धागे दिसल्यावर गप्प बसवत नाही. त्या छावण्यांबद्दल अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. म्हणजे तो मुखवटा उतरायला ४६ वर्षं लागली. कार्टूनमध्ये अर्धा तास पुरतो.

चित्रं म्हणाल तर अगदी काटकसरीची. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हेच 'टॉम अँड जेरी'चे निर्माते. तिथे हालचाल कशी लोण्यासारखी! पण १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि दोघे टीव्हीकडे वळले. टीव्हीकडे पैसा कमी, वेळ त्याहून कमी. मग बोलताना फक्त तोंड हलवायचं, बाकी चित्र तेच. पळताना तेच पाय पुन्हा पुन्हा, मागचं दृश्यही फिरून तेच. शॅगी पळताना तोच दिवा चार वेळा मागून जातो, हे आमच्या नातीने वयाच्या सहाव्या वर्षी पकडलं होतं. :-)

मूळ मालिकेचे भाग किती? अवघे २५, तेही १९६९ आणि १९७० या दोन हंगामांत मिळून. आणि त्यांतली भुतं कशासाठी झालेली असतात ते पाहा. पहिल्याच भागातला काळा सरदार म्हणजे संग्रहालयातली चित्रं लंपास करणारा तिथलाच क्युरेटर. बुडून मेलेला समजला गेलेला कॅप्टन कटलर चकाकतं शेवाळ लागलेला पाणबुड्याचा पोशाख घालून बोटी चोरत असतो. खाणीतलं म्हाताऱ्या खाणकामगाराचं भूत म्हणजे तिथलाच नोकर. त्याला खाणीत तेल लागलेलं असतं, ते मालकाला कळू न देता जागा घशात घालायची असते. म्हणून पाहुण्यांना घाबरवून पळवायचं. सगळ्याच्या मुळाशी जमीन, पैसा, दडलेला माल.

माझ्या लहानपणीच्या भुतांना ही अडचण नव्हती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, रात्री वाट चुकवणारा चकवा. आजी सांगायची आणि आम्ही गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचो. गोष्ट तिथेच संपायची. अमक्या विहिरीवर हडळ असल्याने कोणाचा फायदा होतो, असा प्रश्न आम्हाला कधी सुचलाच नाही.

आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं मे १९९५ मध्ये. धाकटी लेक तेव्हा सहावीत. तिच्याशेजारी बसून मी हे सगळं पाहू लागले. ते अमेरिकन इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण मुखवटा ओढायला भाषा कशाला हवी?

आणि त्याच वर्षी, २१ सप्टेंबरला, गणपती दूध प्यायला लागले! आठवतंय ना? देशभर रांगा. दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात वरवंटा आणला आणि त्याला चमच्याने दूध 'पाजून' दाखवलं. पृष्ठताण, दुसरं काय. चमचा ओठाला लागला की दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांना दाखवला होता. आमच्या वर्गातली मुलं हसली, पण एक हात वर आला: "बाई, मग यात चोर कोण?" मोठा गोड प्रश्न होता. यात चोर कोणीच नव्हता. होता तो निसर्गनियम, आणि आपली विश्वास ठेवायची घाई. स्कूबीच्या गोष्टीत हे येत नाही, ही तिची मर्यादा मला तेव्हा कळली.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नववीतली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. वर्गात तिला एकदा झटके आले होते. घरच्यांनी ठरवलं, लागीर आहे. दोन गावं ओलांडून एका मांत्रिकाकडे नेलं. त्याने कोंबडी, नारळ, आणि शेवटी आईच्या कानातली फुलं घेतली. मी आणि दुसऱ्या एक बाई चार वेळा घरी गेलो. चौथ्या वेळी तिची आजी म्हणाली, "न्या तुमच्या डॉक्टरकडं, पन माझी नात भ्याली नाय पायजे." अपस्माराचा आजार होता. गोळ्या सुरू झाल्या. वर्ष वाया गेलं, पण दहावी पास झाली. तिच्या आईबापांचा मला तेव्हाही राग आला नाही. ते घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाजवळ कानातली फुलं असतात, हे त्या मांत्रिकाला बरोबर ठाऊक होतं.

म्हणून मला शॅगी आणि स्कूबी खरे वाटतात. भूत खोटं होतं हे पंचवीस वेळा पाहूनही सव्विसाव्या वेळी ते तितकेच थरथरतात. पुराव्याने भीती जात नाही. तरीही एखाद्या बिस्किटाच्या लालचीने का होईना, ते आत जातात. धैर्य म्हणजे याहून फार वेगळं काही असतं असं मला वाटत नाही.

कार्ल सेगन यांनी अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या 'द डीमन-हाँटेड वर्ल्ड' या पुस्तकात या कार्टूनची दखल घेतली आहे. चमत्कारांच्या दाव्यांची तपासणी होऊन दरवेळी साधं कारण सापडतं, अशी मालिका मोठ्यांसाठीही हवी, मुलांसाठी ते काम स्कूबी-डू करतोच, असा त्यांचा आशय. आपल्याकडे हे काम साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मोठ्यांसाठी, गावोगावी हिंडून करत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मुखवटा ओढणाऱ्यावर कार्टूनमधला चोर नुसता चरफडतो. बाहेरच्या जगात तसं नसतं, हे मुलांना कधीतरी सांगावं लागतं.

पुढे स्कूबीच्या निर्मात्यांनाही मोह आवरला नाही. १९८५ च्या मालिकेत आणि १९९८ च्या 'झोंबी आयलंड' या चित्रपटात भुतं चक्क खरी निघाली. चित्रं सुरेख झाली असतील, पण माझं मन रमलं नाही. भूत खरंच असलं की पळण्यापलीकडे करायला उरतं काय? वेल्माने चष्मा पुसायचा कशाला?

त्या शनिवार सकाळीही आता राहिल्या नाहीत. केबल आली, नियम बदलले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या शेवटच्या मोठ्या वाहिनीनेही शनिवारचा जुना कार्टून-कार्यक्रम गुंडाळला. ताकामोतो २००७ मध्ये गेले, शॅगीला आवाज देणारे केसी केसम २०१४ मध्ये, रूबी आणि स्पिअर्स दोघेही २०२० मध्ये, अडीच महिन्यांच्या अंतराने.

असो. भुतं मात्र आहेत, नवनवीन रूपांत. आता ती पिंपळावर नसतात, फोनवर येतात. अमुक जमातीचे लोक मुलं पळवतात, तमुक मंत्र पुढे पाठवला नाही तर अनिष्ट होईल... असा मजकूर आला की मी एकच विचारते: हे ऐकून मी घाबरले तर फायदा कोणाचा? नेहमी चोर सापडतोच असं नाही. कधी वरवंटा आणि दूधच निघतं. पण विचारेपर्यंत मी तो मजकूर पुढे ढकलत नाही.

ते जुने २५ भाग मिळाले तर घरातल्या पोरांना जरूर दाखवा, आणि स्वतः शेजारी बसा. मुखवटा निघायच्या आधी आत कोण आहे यावर पैज लावायची. आमच्याकडे नेहमी नात जिंकते.