निशिगंधाचा कंद आणि शेजारचा भात

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालात की वाटेत भाताची खाचरं लागतात आणि त्यांना खेटून आपल्यासारख्या वीकएंडवाल्यांची फार्महाउसं. फार्महाउस म्हटलं की बाग आली, आणि बागेत निशिगंध हवाच! कुठून तरी कंद आणायचे, लावायचे आणि कीड दिसली की फवारायचं, अशी आपली पद्धत. माझ्या मते इथे बग शोधायची जागाच चुकते. कीड बऱ्याचदा कंदातूनच येते. हे कळायला जगालाही वेळ लागला, त्याची ही गोष्ट.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधली डॅफोडिलची शेती कंद सडून बसायला आली होती. संशय बुरशीवर होता. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९१६ साली जेम्स रॅम्सबॉटम या तरुणाला विस्लीच्या बागेत या कामाला लावलं. त्याने दाखवून दिलं की खरा गुन्हेगार सूत्रकृमी आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्यासारखा किडा. तो कंदाच्या आत बसलेला, मग वरून फवारून काय होणार?

त्याचा उपाय साधा होता. कंद ११० अंश फॅरनहाइटच्या (साधारण ४३ अंश सेल्सिअस) पाण्यात तीन तास ठेवायचे. किडा मरतो, कंद जगतो. पाणी थंड पडलं तर किडा वाचतो, फार तापलं तर कंदच शिजतो. फरक थोडक्या अंशांचा, पण त्यावर एक अख्खा धंदा वाचला.

आता आपल्याकडे या. पश्चिम बंगालमध्ये निशिगंधाचं पीक मोठं. तिथे १९९० च्या दशकात एक रोग नोंदला गेला: दांडा खरबरीत होतो, पाकळ्यांवर तपकिरी रेघा येतात, कळ्या उमलतच नाहीत. कारण पुन्हा सूत्रकृमी, अफेलेंकॉइडिस बेसेयी. आणि प्रवास पुन्हा कंदातून.

गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) याच जातीचा सूत्रकृमी भातावरही रोग आणतो. पानांचे शेंडे पांढरे पडतात, दाणे नीट भरत नाहीत. दाण्यात तो सुकून महिनोन्महिने पडून राहतो आणि पेरणीबरोबर पुन्हा जागा होतो.

म्हणून सांगतो, कंद स्वस्त मिळाले म्हणून उचलू नका. ज्या शेतातले आहेत तिथे फुलं नीट उमलली होती का, ते आधी विचारा. मऊ, डागाळलेले कंद बाजूला काढा. रोगट दांडे बांधावर फेकू नका, जाळून टाका. गरम पाण्याचा प्रयोग करायचा असेल तर वरचे आकडे डॅफोडिलचे आहेत, निशिगंधाचे कृषी विद्यापीठातून घ्या.

आपली बाग गेली तर एक हौस गेली. बांधापलीकडच्या माणसाचं मात्र वर्षाचं भात असतं.