९९९ : आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक

ब्रिटनमधील पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिका यांना तातडीने बोलावण्याचा क्रमांक. या प्रकारची जगातील पहिली सेवा. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्याने दूरध्वनी केंद्राला फोन लावला होता, पण तो इतर कॉलच्या रांगेत अडकला. त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून हे जाहीर केले आणि सरकारने चौकशी समिती नेमली. एका नागरिकाच्या पत्राने इतके साधावे, हे आवर्जून नोंदवण्याजोगे आहे.

३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये सेवा सुरू झाली. आकड्यांची निवड विचारपूर्वक होती. तबकडी फिरवल्यावर तारेतून आकड्याइतके विद्युत्‌स्पंद जात. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तरी ‘१’चा स्पंद उमटे, म्हणून १११ धोक्याचा. ‘०’ ऑपरेटरसाठी राखलेला. ‘९’ मात्र तबकडीच्या कडेजवळ, ‘०’च्या शेजारी, धुरात किंवा अंधारात बोटांनी चाचपून सापडणारा. शिवाय सार्वजनिक फोनमध्ये थोडा बदल करून ‘९’ नाण्याविना फिरवता येई. संकटातल्या माणसाच्या खिशाचाही विचार करणारी ही योजना होती. कॉल येताच केंद्रात लाल दिवा लागे, भोंगा वाजे.

१९३८ मध्ये सेवा ग्लासगोला पोहोचली. देशभर ती पसरायला मात्र १९७६ उजाडले, कारण त्यासाठी सर्व केंद्रे स्वयंचलित व्हावी लागली. आता तेथे ११२ हा युरोपीय क्रमांकही चालतो. भारतातही पोलिसांचा १००, अग्निशमनाचा १०१ अशा वेगळ्या क्रमांकांच्या जोडीला ११२ हा एकच क्रमांक आला आहे.