बांधावरची वाट आणि उपनगराचा रस्ता

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या बागायती गावात शेतरस्त्याचा खरा कस लागतो तो ऊसतोडीच्या दिवसांत. भरलेली ट्रॉली गटातून पाणंदीपर्यंत निघाली की शेतकऱ्याचं भागतं. कायद्यालाही तेवढंच अभिप्रेत आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, पण ती शेतापर्यंत पोचण्यापुरती. शेत ओलांडून पलीकडे निघण्याची सोय त्यात नाही. शेतीला ती लागतही नाही. गावाचं उपनगर होऊ लागलं की मात्र हीच उणीव कायमची होऊन बसते. नगर रस्त्यावरची वाघोली पाहा. गट जसे विकले गेले तसं एकेकाचं प्लॉटिंग झालं. अंतर्गत रस्ता आत शिरतो आणि शेजारच्या गटाच्या भिंतीला जाऊन थांबतो. भिंतीपलीकडच्या सोसायटीत जायचं तरी आधी नगर रस्त्यावर यावं लागतं, त्यामुळे शाळेची रिक्षा आणि मालाचा ट्रक एकाच कोंडीत अडकतात. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली, तेव्हा या भिंती आधीच उभ्या राहिल्या होत्या.

शहर वाढलं की असं होणारच, हे मला मान्य नाही. एरंडवणे आणि भांबुर्डे, म्हणजे आजचं शिवाजीनगर, हीसुद्धा शेतं असलेली गावंच होती. तिथे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याचा उपयोग झाला: जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आधी आखायचे आणि उरलेल्या जागेचे नवे भूखंड मालकांना परत द्यायचे. तिथल्या पत्त्यांत आजही ‘फायनल प्लॉट’चा नंबर येतो. प्रभात रस्त्यावरच्या कित्येक गल्ल्या थेट भांडारकर रस्त्याला मिळतात, म्हणून एक अडली तर दुसरी असते.

बंद गल्लीत मुलं निर्धास्त खेळतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. पण मोटारी अडवायला खांब पुरतात. माणसांची आणि सायकलींची वाट भिंतीने का तोडायची? रस्त्यासाठी जमीन सोडण्यात शेतकऱ्याचं नुकसान आहे, हा आक्षेप जास्त वजनदार. ते एकट्यावर पडलं तर अन्यायच; नगररचना योजनेत ते सगळ्यांत वाटलं जातं आणि रस्त्यालगतच्या भूखंडाला भावही मिळतो. नुसता मुख्य रस्ता रुंद करून कोंडी सुटत नाही, कारण पर्यायी वाट त्यातून निर्माण होत नाही. अमेरिकेत बंद गल्ल्यांचं प्रमाण विसाव्या शतकात दशकानुदशकं वाढत गेलं, पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर नव्या वस्त्यांत ते उतरू लागलं. आपल्याकडेही लेआउट मंजूर करताना एक अट घालता येईल: आतला रस्ता गटाच्या पलीकडच्या हद्दीपर्यंत न्यायचा आणि तिथे भिंत बांधायची नाही.